मातृपूर्णचं जेवण: अकरा महिन्यांनंतर

चौथ्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.९ निघालं. गरोदर बाईला निदान ११ तरी हवं, असं नर्सबाई म्हणाल्या आणि गरोदरपणातल्या तपासण्या लिहायचं ताई कार्ड हातात देऊन अंगणवाडीत नाव घालायला पाठवलं. (कन्नडात तायी म्हणजे आई, आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या बायका त्याला ताई कार्डच म्हणतात.)

मातृपूर्ण ही कर्नाटक सरकारची योजना, २ ऑक्टोबर २०१७ पासून राज्यभर सुरू झालेली. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने, महिन्यातले २५ दिवस दुपारी गरम जेवण. भात, भाजी घातलेलं सांबार, उकडलेलं अंडं, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की. अंडं न खाणाऱ्यांना मोड आलेली कडधान्यं. सांबार कधी कधी पाण्यासारखं असायचं आणि पावडरच्या दुधाचा वास मला शेवटपर्यंत आवडला नाही. तरीही आठव्या महिन्यापर्यंत मी एक दिवस चुकवला नाही.

कारण तिथंच बसून खायचं असतं. घरी अंडं आणलं की आधी दिराच्या पोरांना, मग नवऱ्याला, उरलं तर मला. कुणी मुद्दाम करत नाही, पण तसंच होतं. अंगणवाडीत मदतनीस मावशी अंडं सोलून, वर मीठ घालून माझ्याच ताटात ठेवायच्या आणि ते संपेपर्यंत समोर बसायच्या. शेजारी आणखी चौघीजणी. कुणाची उलटी थांबत नाही, कुणाचे पाय सुजलेत, हे तिथंच कळायचं. गोळ्यांचं एक महत्त्वाचं: लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, अंगाला लागत नाही. मी ती रात्री लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.६ झालं.

आषाढात मात्र सगळं अडलं. नववा महिना, आमच्याकडचा धो धो पाऊस, पाऊण किलोमीटर चिखलाची वाट. दोनदा घसरता घसरता वाचले आणि जाणं बंद केलं. पुढं बाळंत झाल्यावर सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त भूक लागते तेव्हाच ताट बंद! शेवटी अंगणवाडीच्या टीचरनी सासूबाईंकडे डबा द्यायला सुरुवात केली. हे त्यांच्या चांगुलपणावर चालता कामा नये. शेवटचा महिना आणि पहिला दीड महिना डबा घरी मिळाला पाहिजे, आमच्या घाटालगतच्या गावांत तर नक्कीच.

दुसरी अडचण भाषेची. कार्ड, गोळ्यांच्या सूचना, भिंतीवरचा तक्ता, सगळं कन्नडात. टीचर मराठी बोलतात म्हणून माझं निभावलं. सीमाभागातल्या बाईला स्वतःच्या कार्डावर काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे. एक पान मराठीत छापायला किती खर्च येतो?

पहिल्या बाळंतपणाचे केंद्र सरकारचे ५००० रुपये वेगळे असतात. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, एवढ्यावरून माझा अर्ज दोनदा परत आला. गरोदर असतानाच दोन्हीकडे नाव एकसारखं करून घ्या.

आता मुलगी सात महिन्यांची आहे. माझं ताट बंद झालं, तिचं पुष्टीचं, म्हणजे बाळाच्या वरच्या खाण्याच्या पिठाचं, पाकीट सुरू झालं. मागच्या सोमवारी मावशींनी तिला काट्याच्या झोळीत बसवलं, सात किलो दोनशे भरली. तिनं त्यांची बांगडी घट्ट धरून ठेवली होती.