साडेसातशे रुपयांचा ओबीडी अडॅप्टर : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याहून साताऱ्याला जाताना आनेवाडी टोल नाक्याच्या रांगेत माझ्या गाडीच्या मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी २०१६ सालची, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर चाललेली. पिकअप नेहमीसारखा होता, तापमानाचा काटा जागेवर होता, ऑइलची पातळी बरोबर होती, तरीही दिवा विझत नव्हता. दोन दिवसांनी एका अधिकृत सेवा केंद्रात गाडी दाखवली. त्यांनी स्कॅनर लावून ‘पी ०१७१’ हा दोषाचा कोड वाचला, ऑक्सिजन सेन्सर (इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) बदलावा लागेल असे सांगितले आणि मजुरीसह ९,४०० रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले. सेन्सरच खराब आहे हे कशावरून ठरवले, असे विचारल्यावर ‘कोड तसाच आला आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही, म्हणून ब्लूटूथवर चालणारा एक ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स) अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी फोनवर दाखवणारे उपकरण, मी ७५० रुपयांना मागवला. त्यानंतर वर्षभर तो मी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या मिळून पाच गाड्यांना लावून पाहिला आहे. कोड वाचण्यासाठी म्हणून हे उपकरण विकले जाते. माझ्या मते तो त्याचा सर्वांत किरकोळ उपयोग आहे, आणि इंजिन चालू असताना ते जे आकडे दाखवते त्यांतच त्याची खरी किंमत आहे.

उपकरण काडेपेटीहून थोडे मोठे आहे. स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याच्या वरच्या बाजूला सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात ते बसवून इग्निशन चालू करायचे, फोनच्या ब्लूटूथमध्ये १२३४ हा क्रमांक देऊन जोडायचे आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखे एखादे अ‍ॅप उघडायचे, एवढीच तयारी लागते. हे सॉकेट आणि त्यामागची ओबीडी-दोन ही पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे भारत स्टेज चार या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना एप्रिल २०१० मध्ये पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसरा टप्पा लागू झाला. त्यामुळे २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांशी असा अडॅप्टर बोलू शकतो, त्याआधीच्या गाड्यांची खात्री देता येत नाही. माझ्या सासऱ्यांच्या २००९ च्या गाडीत सॉकेट होते, उपकरणाचा दिवाही लागला, पण गाडीच्या संगणकाशी संपर्क शेवटपर्यंत झाला नाही.

गाडीच्या संगणकाशी बोलणारी आतील चिप ही ईएलएम ३२७ या मूळ कॅनडातील चिपची नक्कल आहे. पाकिटावर ‘आवृत्ती १.५’ असे छापलेले होते. मूळ कंपनीने या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तेव्हा पाकिटावरील क्रमांक पाहून खरेदी करू नये. नकलेचा प्रत्यक्ष तोटा वेगात जाणवतो. एका वेळी दोन आकडे पाहिले तर ते झरझर बदलतात, सहा आकडे मांडले की प्रत्येक आकडा रेंगाळत येतो. आयफोन वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचा अडॅप्टर आयफोनवरील अ‍ॅपशी जोडला जात नाही. त्यांना वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जी असलेलाच घ्यावा लागेल.

आता माझ्या गाडीच्या दिव्याविषयी. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा गट, त्यापुढील शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, आणि १७१ म्हणजे इंजिनातील मिश्रण लीन आहे, अर्थात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. कोडचे सांगणे इथे संपते. अशी स्थिती पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबल्यामुळे येऊ शकते, पेट्रोलचा पंप अशक्त झाल्यामुळे येऊ शकते, थ्रॉटलच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे कुठे तरी हवा शिरत असल्यामुळे येऊ शकते, आणि सेन्सर चुकीचे दाखवत असल्यामुळेही येऊ शकते. यांपैकी कोणते कारण खरे, ते शोधण्यासाठी अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रीझ फ्रेम. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिन कोणत्या अवस्थेत होते, याची एक नोंद गाडीचा संगणक जपून ठेवतो. माझ्या गाडीच्या नोंदीत वेग शून्य, इंजिनाचे फेरे मिनिटाला ७८०, पाण्याचे तापमान ९१ अंश असे होते. म्हणजे इंजिन पूर्ण गरम होते आणि गाडी उभी होती. टोल नाक्याच्या रांगेशी हे तंतोतंत जुळत होते. खंबाटकीचा घाट चढताना, जेव्हा इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल लागते, तेव्हा दोष दिसला नव्हता. पंप अशक्त असता तर तो घाटातच उघडा पडला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्युएल ट्रिम. सायलेन्सरच्या वाटेवरील पहिला ऑक्सिजन सेन्सर जे सांगतो त्यानुसार संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, तो हा आकडा. त्यातला शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म हळूहळू मुरतो, आणि दोहोंची बेरीज शून्याच्या आसपास असावी अशी अपेक्षा असते. माझ्या गाडीत आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ती बेरीज अधिक २८ होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबून फेरे २,५०० वर धरले की ती उतरून अधिक १० वर येत होती. सेन्सरच बिघडलेला असता तर फेरे वाढवल्यावर आकडा इतका नेमाने खाली येण्याचे कारण नव्हते. कुठून तरी बाहेरची हवा येत होती, आणि ती ठरावीक इतकीच येत असल्यामुळे इंजिनाचा श्वास वाढला की तिचा वाटा कमी होत होता.

हे आकडे घेऊन मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळील एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मेकॅनिकनी फोन हातात घेऊन दोन मिनिटे आकडे पाहिले आणि पहिल्यांदा सेन्सरच तपासला. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून सोडला. सेन्सरचा व्होल्टेज दाबताना ०.८५ पर्यंत चढला आणि सोडताना ०.१ च्या खाली पडला. नॅरोबँड प्रकारचा, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त की कमी एवढेच सांगणारा, निरोगी सेन्सर असाच वागतो. मग इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गाच्या, प्रत्येक सांध्यावर आणि व्हॅक्यूम पाइपांवर त्यांनी कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला आणि मला ट्रिमवर लक्ष ठेवायला सांगितले. हवा शिरण्याची जागा तिथे असती तर तो फवारा आत ओढला गेला असता आणि ट्रिम झटकन खाली आली असती, पण आकडा ढिम्म राहिला. (हा फवारा पेट घेतो, तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो नवख्याने मारू नये.) शेवटी त्यांनी प्लग काढले. चारही प्लगांवर काळी काजळी होती. पेट्रोल कमी पडणाऱ्या इंजिनाचे प्लग फिके असायला हवेत आणि हे तर पेट्रोल जास्त झाल्याचे लक्षण होते.

“सेन्सर चांगला आहे साहेब. त्याच्यापर्यंत बाहेरची हवा येतीय,” ते म्हणाले, आणि गाडी रात्रभर ठेवून जायला सांगितले. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर बॉनेटखालून बारीक टिकटिक ऐकू आली, ती दोन-तीन मिनिटांत इंजिन तापताच बंद झाली. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारा पाइप, जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे एका स्टडचा नट गळून पडला होता, सांधा बंद करणारे गॅस्केट जळले होते आणि त्या जागी काळा ओघळ उमटला होता. एक्झॉस्टचा धूर सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सरला तिच्यातला ऑक्सिजन दिसत होता, आणि संगणक मिश्रण लीन समजून विनाकारण पेट्रोल वाढवत होता. त्या सुमारास अ‍ॅव्हरेज १७ वरून १४ वर का आले, याचा उलगडा त्यातून झाला. नवा सेन्सर बसवला असता तर त्यालाही तीच हवा दिसली असती आणि काही दिवसांत दिवा पुन्हा लागला असता. गॅस्केट, दोन स्टड आणि मजुरी मिळून १,६५० रुपये खर्च आला.

कोड पुसायचा नाही, असे त्या मेकॅनिकनी बजावले होते आणि ते मला पूर्णपणे पटते. अ‍ॅपमध्ये कोड पुसण्याचे बटण एका बोटाच्या अंतरावर असते, पण ते दाबले की फ्रीझ फ्रेमही जाते आणि संगणकाने स्वतःच्या तपासण्यांची केलेली नोंदही जाते, म्हणजे दोष शोधणाऱ्या माणसाच्या हातातला पुरावाच नाहीसा होतो. दुरुस्ती खरी असेल तर सलग तीन वेळा गाडी चालवताना दोष न आढळल्यावर दिवा सामान्यतः आपोआप विझतो. माझ्या गाडीचा दिवा चौथ्या दिवशी सकाळी कोणी हात न लावता विझलेला होता.

दुसरा प्रसंग माझ्या मेहुण्यांच्या गाडीचा. कऱ्हाडजवळ पावसात त्यांची गाडी मिसिंग मारू लागली आणि तोच दिवा उघडझाप करू लागला. स्थिर दिव्यावर गाडी जपून घरी नेता येते, उघडझाप करणाऱ्या दिव्यावर नेऊ नये, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळते आणि तो महागडा भाग कायमचा निकामी करू शकते. गाडी ओढून आणल्यावर अडॅप्टरने पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर दाखवले. तिसऱ्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावून काही मिनिटे इंजिन चालू ठेवताच कोड पी ०३०१ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. अर्ध्या तासात निकाल लागला.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले तर हा अडॅप्टर आणि साधे अ‍ॅप यांचा उपयोग होत नाही. तिथे कंपनीचा किंवा चांगल्या गॅरेजमधला मोठा स्कॅनरच लागतो. ज्या कोडमध्ये पी नंतर एक येतो ते कंपनीचे स्वतःचे असतात, आणि त्यांचे जे अर्थ अ‍ॅप दाखवते ते दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचे असू शकतात. सॉकेटला वीज थेट बॅटरीतून मिळते आणि माझ्या अडॅप्टरला बंद करण्याचे बटण नाही, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर तो काढून ठेवणे भाग आहे. शिवाय तो बाहेर इतका डोकावतो की गाडीत बसता-उतरताना गुडघा लागतो. आज पुन्हा घ्यायचा झाला तर शंभर-दोनशे रुपये जास्त मोजून मी बुटका आणि बटण असलेला घेईन.

२०१३ नंतरची पेट्रोल गाडी ज्यांच्याकडे आहे आणि जे गॅरेजमध्ये दोन प्रश्न विचारायला कचरत नाहीत, त्यांनी तो अवश्य घ्यावा, आणि दिवा लागण्याची वाट न पाहता धडधाकट गाडीचे आकडे आधीच वहीत टिपून ठेवावेत. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, आणि त्यामुळे जुन्या गाडीचा ट्रिम काही टक्के वर राहणे स्वाभाविक आहे; आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा माहीत असेल तर त्यातली वाढ दोषाची आहे की इंधनाची, हे ओळखता येते. माझ्या वहीतली कालची नोंद अशी आहे : इंजिन गरम, आयडलिंगला ट्रिमची बेरीज अधिक ५, फेरे २,५०० वर अधिक ४, अ‍ॅव्हरेज १६.८.