अर्थशास्त्र पद्धती घेऊन बी.एड. : शिकवणाऱ्यांच्या पात्रतेविषयी

कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचे तर एम.ए.च्या जोडीला बी.एड. लागते, म्हणून सीईटी देऊन मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी अध्यापक महाविद्यालयात दोन वर्षे काढली. इमारत, ग्रंथालय, शुल्क यांविषयी माझी तक्रार नाही. लिहायचे आहे ते अर्थशास्त्र अध्यापन पद्धती (हा विषय वर्गात कसा शिकवायचा याचा अभ्यास) शिकवणाऱ्यांच्या पात्रतेविषयी, कारण प्रवेशाचे पर्याय भरताना आमच्यापैकी कोणीही त्याची चौकशी केली नव्हती.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात १६ पूर्णवेळ अध्यापक असावे लागतात आणि त्यांपैकी ८ जागा शालेय विषयांच्या अध्यापन पद्धतींसाठी असतात. या जागांवरील अध्यापकाकडे किमान ५५ टक्के गुणांसह विषयातील पदव्युत्तर पदवी आणि तितक्याच गुणांसह एम.एड. असावे, अशी अट आहे. मेख आहे ती ‘विषय’ या शब्दात. नियमात विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा असे गट आहेत, त्यामुळे इतिहासात एम.ए. केलेली व्यक्ती सामाजिक शास्त्रांच्या जागेवर नियमाने पूर्ण पात्र ठरते आणि अर्थशास्त्राची अध्यापन पद्धतीही तिच्याच वाट्याला येऊ शकते.

आमच्याकडे नेमके हेच झाले होते. पहिल्या वर्षी पद्धती शिकवणारे सर इतिहासाचे एम.ए., एम.एड. आणि शिक्षणशास्त्रातले नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होते. पाठ टाचण, सूक्ष्म अध्यापन, प्रश्नांची वाटणी, फळ्याचा उपयोग या बाबतींत त्यांच्याकडून मी जे शिकलो ते आजही रोज कामी येते. अडचण आली ती बारावीच्या ‘मागणीची लवचिकता’ (किमतीतील बदलाच्या तुलनेत मागणी किती बदलते) या घटकावरील सराव पाठात. मी फळ्यावर एक उभट आणि एक पसरट अशा दोन सरळ रेषा काढल्या आणि उभट ती अलवचिक, पसरट ती लवचिक, असे ठणकावून सांगितले. पाठ रंगला, मुलांनी उत्तरेही दिली, आणि निरीक्षण वहीत शेरा मिळाला : ‘आकृत्या सुबक, आशय स्पष्ट.’ आशय अर्धवट चुकलेला होता, हे मलाही कळले नव्हते आणि निरीक्षकांनाही.

दुसऱ्या वर्षी आलेल्या मॅडम अर्थशास्त्राच्या एम.ए., त्याच विषयात सेट (तशीच राज्यस्तरीय परीक्षा) आणि एम.एड., शिवाय कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवलेल्या. त्यांनी ती जुनी वही चाळली आणि फळ्यावर वडापावचा हिशेब मांडला. किंमत १५ वरून २० रुपये झाली आणि खप १०० वरून ८० वर आला, तर किमतीतील वाढ ३३.३ टक्के, मागणीतील घट २० टक्के, म्हणजे लवचिकता ०.६. आता उलट या : २० वरून १५, म्हणजे २५ टक्के घट, आणि ८० वरून १०० म्हणजे २५ टक्के वाढ, लवचिकता १. रेषा तीच, बिंदू तेच, उतार तोच, आणि उत्तरे दोन. मग त्यांनी विचारले, “मुलाने हा प्रश्न वर्गात विचारला तर तुम्ही काय सांगाल?” एकाच सरळ रेषेवर वरच्या भागात लवचिकता एकापेक्षा जास्त, मध्यबिंदूवर एक आणि खाली एकापेक्षा कमी असते, हे एम.ए.ला मी शिकलो होतो. शिकवताना ते कोठे अडते, हे त्या तासाला कळले. चूक कोणत्या जागी होणार हे आधीच ओळखणे म्हणजे आशययुक्त अध्यापन असेल, तर ते विषय जाणणाऱ्यालाच जमते, असे माझे मत झाले आहे.

केवळ विषय पुरत नाही, हेही पाहिले. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातून एक पीएच.डी. प्राध्यापक दोन व्याख्यानांसाठी आले होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही, पण वाणिज्य शाखेतून आलेल्या छात्राध्यापकांसमोर ते तासभर आयएस-एलएम (व्याजदर आणि राष्ट्रीय उत्पन्न यांचा संबंध दाखवणाऱ्या) आकृतीत रमले आणि अकरावीच्या वर्गात त्याचे काय करायचे हा प्रश्न तसाच राहिला. अर्थात, विषयाचा एम.ए. आणि एम.एड. यांतील एकच निवडायची वेळ आली तर मी पहिल्याकडे झुकेन. टाचण लिहायला सहकारीही शिकवतो, लवचिकता शिकवत नाही.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्या जागी आता तासिका तत्त्वावर नेमणूक आहे, आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील अध्यापकांच्या यादीत त्या नावापुढे ‘एम.ए., एम.एड.’ इतकेच लिहिले आहे. धाकट्या बहिणीला तेथेच प्रवेश घ्यायचा होता म्हणून मी कार्यालयात फोन करून एम.ए. कोणत्या विषयात, असे विचारले. पलीकडून उत्तर आले, “सामाजिक शास्त्रच आहे ना साहेब, नियमात बसतं.” बहिणीने पर्यायांचा क्रम बदलला.