फ्री डिशचे नऊ महिने आणि दहा रुपयांचं कनेक्टर

मे महिन्यात वळवाचा पहिला सडाका आला आणि टीव्हीवर पाटी झळकली: 'एलएनबी शॉर्ट'. एलएनबी म्हणजे छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारी डबी, आणि छत्री फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट डीटीएचची. आई सह्याद्रीवरच्या बातम्या लावून बसली होती. "गेलं काय रे?" गेलं. तिथून जूनच्या अखेरीपर्यंत मी शिडीवर जेवढा वेळ काढला तेवढा गेल्या दहा वर्षांत काढला नसेन.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. आधी महिन्याला पैसे भरायची डीटीएच होती. पिनकोड कर्नाटकातला, म्हणून पॅक कन्नड. मराठी चॅनेल हवे तर वेगळे पैसे. फोन केला की पलीकडून एकच उत्तर, "सर, तुमच्या राज्याचा पॅक तोच आहे." कन्नडशी आमचं वाकडं नाही, दूरदर्शनचा कन्नड चॅनेल चंदना आमच्याकडंही लागतो. पण घरात बोलतो त्या भाषेचे जादा पैसे भरायचे हे वहीत लिहिताना हात जड व्हायचा. महिना 340 रुपये. दिवाळीला बंद करून टाकलं.

मग पहिली चूक केली, 749 रुपयांची. ऑनलाइन एक काळा, पुठ्ठ्यासारखा चपटा 'एचडी अँटेना' मागवला. खोक्यावर 200 किलोमीटर रेंज, फोरके, सगळं लिहिलेलं. टीव्हीमागं अँटेनाचं भोक आहेच, खुपसला, स्कॅन लावला. चॅनेल शून्य. खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, मुलानं हातात धरून अंगणभर फिरवला. शून्य. अँटेना खराब नव्हता, त्याला पकडायला इथं काही नव्हतं. टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण दूरदर्शननं 2016 मध्ये 16 शहरांत सुरू केलं, कर्नाटकातलं त्यात एकटं बंगळुरू. ते इथून पाचशे किलोमीटरच्या आसपास. लोखंडी पाइप फिरवत "आलं का?" "मुंग्या!" असं ओरडायचो ते जुनं ॲनालॉग प्रक्षेपणही 2022 पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झालं. तेव्हा आपल्या भागात कुणी घरात ठेवायचा एचडी अँटेना सुचवला तर हात जोडा. इथं अँटेना म्हणजे छत्रीच.

छत्री बेळगावात खडेबाजारातून आणली. 60 सेंटिमीटरची छत्री, एलएनबी, एचडी बॉक्स, 15 मीटर वायर आणि बसवणी धरून 2,150 रुपये. बॉक्स एमपेग-4 चाच घ्या, जुन्या स्वस्त बॉक्सवर एचडी दिसत नाही. टीव्ही नवा असेल तर आधी त्याच्यामागं सॅटेलाइटचं वेगळं भोक आहे का बघा, मग बॉक्सचेही पैसे वाचतात. आमच्यात नव्हतं.

बसवायला आलेला पोरगा मोबाइलवर दिशा बघून वीस मिनिटांत मोकळा झाला. "सिग्नल चलो ऐत्री, काका." खरंच चांगला होता. क्वालिटी 72. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, त्यातली स्ट्रेंथ सोडून द्या, क्वालिटी बघा. उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्वेला. आपल्या भागातून तो आग्नेयेला आणि चांगलाच वर दिसतो, क्षितिजापासून साठ अंशांच्या थोडा वर. याचा फायदा असा की शेजाऱ्याचा आंबा आडवा येत नाही. छत्रीपासून दहा फुटांवरचं झाड छत्रीच्या पातळीपासून अठरा फूट उंच असलं तरी चालतं. माझं अर्धं भांडण तिथंच मिटलं.

चित्राबद्दल मी चांगलंच बोलेन. डीडी स्पोर्ट्स एचडीवर क्रिकेट बघताना चेंडूची शिवण दिसते. 2007 च्या कायद्यामुळं राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात, त्याचं सुख फुकटात मिळालं. आईचा सह्याद्री मात्र आमच्याकडं साधाच येतो, एचडी नाही. तिला फरक पडत नाही, मला उगाच चुटपुट लागते. खासगी मराठी चॅनेलवर विसंबू नका, फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव झाला की यादी बदलते.

आता मुद्द्यावर येतो. पावसात टीव्ही बंद पडल्यावर दुकानदाराला फोन केला. "खानापूरचा पाऊस आहे, काका, 60 ची छत्री पुरणार नाही. 90 ची घ्या." पटलं. बायकोलाही पटवलं. तरी आधी कुणीतरी बघून जाऊ दे म्हटलं, तर व्हिजिटचे 300 रुपये. आलेल्या माणसानं छत्री अर्धा इंच इकडं, अर्धा इंच तिकडं केली, पाटी गेली. तो गेला आणि दुसऱ्या सरीला पाटी परत.

तेव्हा मी स्वतः चढलो. एलएनबीला वायर जिथं जोडतात तिथलं एफ कनेक्टर उघडलं. आत पाणी. मधल्या तारेवरचा तांब्याचा मुलामा हिरवा पडलेला, खालचं लोखंड गंजलेलं, आणि बाहेरच्या जाळीचा एक केसाएवढा धागा मधल्या तारेला चिकटलेला. त्याच वायरीतून बॉक्स वर एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो. धागा चिकटला, पाणी शिरलं, की शॉर्ट. रबरी टोपी बसवलेलीच नव्हती आणि वायर थेट कनेक्टरात उतरलेली, म्हणजे वरचं पाणी ओघळत बरोबर तिथंच जाणार. दहा रुपयांची वस्तू! तीनशे रुपये घेणाऱ्यानं ती हातानं चाचपलीसुद्धा नाही.

वायरीचं टोक चार इंच कापून टाकलं, जाळी नीट मागं दुमडली, नवं कनेक्टर लावलं, वर टेप, टेपवर सिलिकॉन. आणि वायरीला कनेक्टरच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, वर चढत नाही. दोन्ही टोकांना धरून वीस रुपये, शिवाय सिलिकॉन. क्वालिटी परत 71. तेव्हापासून गावात कुणाच्याही छपरावर छत्री दिसली की माझी नजर आधी कनेक्टरवर जाते. बायको म्हणते, लग्नाच्या मांडवात तरी वर बघत उभं राहू नका.

वरचं सगळं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी 'छत्रीचा आकार हे दुकानदारांचं थोतांड' असंही एक वाक्य होतं. ते जुलैत खोडलं. कनेक्टर कोरडं खडखडीत असतानाही घाटाकडून काळं भरून आलं की क्वालिटी 71 वरून 30 च्या खाली येते, चित्राचे चौकोन होतात आणि मग काळा पडदा. पूर्वी मुंग्यांतून निदान आवाज तरी यायचा. डिजिटलमध्ये आहे तर आहे, नाही तर नाही. धो धो पाऊस लागला की दहा-पंधरा मिनिटं जातं. छत्री मोठी असती तर ही वेळ कमी झाली असती हे मान्य. पण मोठी छत्री वारा जास्त धरते आणि आमचं छप्पर कौलारू, तेव्हा ती बसवायची तर भिंतीलाच. शहरात असाल तर 60 पुरे. घाटाकडच्या पावसात, कणकुंबीकडं राहत असाल तर दुकानदाराचं ऐका.

हिशेब: 2,150 आणि फसलेल्या अँटेनाचे 749 म्हणजे 2,899. महिना 340 नं ते नवव्या महिन्यात, म्हणजे आत्ताच, फिटायला हवे होते. त्या 300 नं वसुली दहाव्यावर ढकलली. मेहुण्याकडं 90 ची जुनी छत्री पडून आहे. गणपतीला येताना घेऊन ये म्हटलंय. कनेक्टर मीच लावणार.