गोठ्याची जमीन: मुरूम की कोबा?

गोठा घराला लागूनच असल्यामुळे शेणामुताची घाण उंबऱ्यापर्यंत येते, तेव्हा कोबा (सिमेंटची पक्की जमीन) करावा की पुन्हा मुरूमच चोपावा, असा पेच धाकट्या चुलतभावाला पडला आहे. मुरूम स्वस्त, पण दरवर्षी भर मागतो. कोबा एकदाच खिसा रिकामा करतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. कोबा रोज धुतला तरच स्वच्छ राहतो. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात मे महिन्यात गोठा धुणार कशाने? मुरूम मूत्र शोषतो आणि शेण उचलून राख भुरभुरली की भागते. मात्र श्रावणात त्याचाच चिखल होतो, वासाने डोळे चुरचुरतात आणि भेगांत गोचीड अंडी घालतात. शिवाय धार काढल्यावर सडांची तोंडे साधारण अर्धा तास उघडी राहतात; तेवढ्यात गाय ओल्यात बसली तर कासदाहाचे (कास सुजण्याच्या रोगाचे) भय असते, म्हणून लगेच वैरण टाकून तिला उभे ठेवावे.

कोब्यावर जनावर घसरते, त्यामुळे तो ओला असतानाच खराट्याने रेघा ओढाव्यात. आमच्या लाल कंधारी गायीच्या गुडघ्यांवरचे केस कोब्यानेच गेले.

दोन-चार गुरे आणि पाण्याची ओढ असेल, तर मुरूम बरा. डेअरीला दूध घालणाऱ्याने, बोअर उन्हाळ्यात टिकत असेल तर, कोबा करावा. भावाने मात्र बसायला मुरूम ठेवून मागे फक्त कोब्याची पट्टी आणि उकिरड्याकडे उताराची नाली करावी.