झेडपी, इंग्रजी माध्यम की घरीच?

धाकट्या बहिणीची लेक जूनमध्ये पहिलीत जाईल. घरात रोज हाच विषय.

खर्च बघ. जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही, आठवीपर्यंत पुस्तकं आणि दुपारचा आहार मोफत. खासगीत फीवर बस, गणवेश चढत जातात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांत बसत असाल तर अर्ज जरूर भरा.

भाषा मला सगळ्यात मोठी वाटते. माझ्या मुलाने पहिलीत ‘पाऊस’ वाचलं आणि लगेच खिडकीकडे बोट दाखवलं. शेजारचा ‘रेन’चं स्पेलिंग घोकतो, अर्थ विचारला की गप्प.

घरी शिकवायला एक पालक पूर्णवेळ हवा. दहावी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या मंडळातून, किमान १४व्या वर्षी.

गुरुजी जीव लावणारे असतील तर झेडपीच. दर तीन वर्षांनी परराज्यात बदली होत असेल तर सीबीएसईची खासगी शाळा. मूल दिवसाचे सहा तास मैदानावर असेल, तरच घर.