लव्हबर्ड मागितले की बजरीगर मिळतात: फ्लॅटमध्ये पक्षी आणण्याआधी

घरात पाळायचा पक्षी म्हटलं की आपल्याकडे पहिला आठवतो तो मिठू. आजोळच्या पडवीत टांगलेला, मिरची कुरतडणारा. त्याला आधीच यादीतून काढू. आपल्याकडचा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मुनियांचंही तेच. दुकानदार म्हणेल, "काही होत नाही हो, सगळेच ठेवतात." पण ती पिल्लं बहुतेक वेळा झाडाच्या ढोलीतून ओढून आणलेली असतात, आणि कायदा नसता तरी मी ती घेतली नसती.

मग उरतात ते मूळचे परदेशी, पण इथेच पिंजऱ्यात पैदास झालेले: बजरीगर, कॉकटील, लव्हबर्ड आणि झेब्रा फिंच. इथे नावांचा घोळ फार. "लव्हबर्डची जोडी द्या" म्हटलं की बहुतेक दुकानांत बजरीगर हातात ठेवतात आणि कॉकटीलला सर्रास "कॉकटेल" म्हणतात. डोक्यावर बारीक काळ्या रेघा आणि लांब शेपटी असेल तर तो ऑस्ट्रेलियाचा बजरीगर. आखूड शेपटी, जाड चोच, गुबगुबीत अंग असेल तर तो आफ्रिकेचा खरा लव्हबर्ड.

रंग बघून ठरवू नका. पक्षी बघायला हवाय की खांद्यावर बसायला, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात कोण असतं, एवढं आधी ठरवा.

बघायला हवा असेल तर झेब्रा फिंच. वजन जेमतेम १२ ग्रॅम, आवाज खेळण्यातल्या पिपाणीसारखा, शेजाऱ्यांची तक्रार येण्याची शक्यता नाही. नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो, त्यामुळे जोडी ओळखता येते. हातावर मात्र येत नाहीत आणि पकडायला गेलं की घाबरतात. त्यांना आपली गरज नसते, जोडीदाराची असते. म्हणून दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात मला हेच सगळ्यात योग्य वाटतात. ते आडवे उडतात, त्यामुळे उंच पिंजऱ्यापेक्षा लांब पिंजरा घ्या. घरटं देऊ नका. दिलंत तर अंडी थांबतच नाहीत.

बजरीगर मधला मार्ग. साधारण १८ सेंटिमीटर लांब, ३० ते ४० ग्रॅम वजनाचा, पाच ते दहा वर्षं जगणारा. कमी वयाचा एकटा नर आणून रोज वेळ दिला तर तो बोटावर येतो आणि भरभर, पुटपुटल्यासारखं बोलतोही. जोडी आणली तर ती एकमेकांत रमते, आपण फक्त दाणे टाकणारे. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, आणि दुकानदार हे सांगत नाही. तो वर घरट्यासाठी एक मडकंही टांगून देतो. ते परत करा, नाहीतर सहा महिन्यांत पिल्लं कुणाला द्यायची म्हणून सोसायटीभर विचारत फिराल. मोठ्या नराच्या चोचीवरचा भाग बहुधा निळा असतो, मादीचा तपकिरी. पिवळ्या-पांढऱ्या पक्ष्यांत ही खूण चालत नाही.

कॉकटील आमच्याकडे आहे, तेव्हा माझं मत थोडं कललेलं आहे हे धरून चाला. शेपटीसकट फूटभर लांब, आणि डोक्यावर तुरा. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कुतूहल, मागे चिकटवून फिस्कारला तर हात लांब ठेवा. नर शिट्ट्या सुंदर मारतो. आमच्याने दाराच्या बेलचा आवाज उचललाय. आई पदराला हात पुसत दार उघडायला जाते आणि बाहेर कुणी नसतं. पण हा पक्षी १५ ते २० वर्षं जगतो. आज पाचवीत असलेल्या मुलीच्या हट्टापायी आणलात, तर ती नोकरीला लागेल तेव्हाही तो तुमच्याकडेच असेल. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, टीव्हीवर रोज थर बसतो. घरात कुणाला दमा असेल तर नकोच. रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतो, म्हणून आम्ही झीरोचा दिवा ठेवतो. आणि त्याला माणूस लागतो. आमचे बाबा निवृत्त आहेत म्हणून हे जमलं.

लव्हबर्ड दिसायला चौघांत देखणा, पण आवाज कर्कश, चावा कडक. बजरीगरांबरोबर एका पिंजऱ्यात तर कधीच नको, त्यांचे पाय तोडतो. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय कागदपत्रांचा प्रश्न आहे. बजरीगर, कॉकटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड हे साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) यादीबाहेर आहेत. पण फिशर लव्हबर्ड, कन्युअर आणि आफ्रिकन ग्रे हे परदेशी पोपट, इतकंच काय, दुकानात सहज मिळणारी जावा चिमणीही त्या यादीत आहे. अशा पक्ष्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर नोंदणी करावी लागते.

कुठलाही आणलात तरी घरातले धोके सारखेच. पिंजऱ्याबाहेर सोडण्याआधी पंखा बंद आणि खिडकीला जाळी. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. धूप आणि मच्छरची कॉइलही त्या खोलीत नको. खाण्याचं सोपं आहे: राळे, बाजरी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, चोच घासायला समुद्रफेस. सूर्यफुलाच्या बिया चिमूटभरच, कारण चरबी वाढते. चॉकलेट आणि अवोकाडो अजिबात नाही.

दुकानात दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेला पक्षी शांत नसतो, आजारी असतो. पक्षी दुखणं लपवतात. ते आपल्याला दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. त्यामुळे पैसे देण्याआधी आपल्या भागात पक्षी तपासणारा डॉक्टर आहे का हे शोधा, कारण कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली असले तरी त्यातले बरेच पक्ष्याला हात लावत नाहीत.