साथीच्या उन्हाळ्यातला डे कॅम्प : न्यू जर्सीतील एका पालकाचा अभिप्राय

करोनाच्या साथीमुळे न्यू जर्सीतील शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या आणि त्यानंतरचे शैक्षणिक वर्ष आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने बहुतांशी घरी, लॅपटॉपसमोरच काढले. 2021 च्या मे महिन्यात बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना फायझरची लस खुली झाली, पण पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. त्यामुळे त्या उन्हाळ्यात तिला लशीविना डे कॅम्पला, म्हणजे मुले रोज संध्याकाळी घरी परततात अशा उन्हाळी शिबिराला, पाठवायचे की आणखी दोन महिने घरीच ठेवायचे, यावर आमच्या घरी बराच खल झाला आणि अखेर एडिसनजवळच्या एका कॅम्पमध्ये आम्ही तिचे नाव घातले.

निर्णयाला आधार होता सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन अहवालांचा. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका निवासी कॅम्पमध्ये ज्यांच्या चाचणीचे निकाल हाती आले त्या 344 जणांपैकी 260 जण बाधित निघाले होते. तेथे मुलांना मास्कची सक्ती नव्हती, हवा खेळती राहावी म्हणून दारे-खिडक्या उघडलेल्या नव्हत्या आणि मोठ्या आवाजात गाणी-घोषणा रोजच चालत. याउलट मेन राज्यातील चार निवासी कॅम्पमध्ये 1,022 जण येऊनही तिघेच बाधित सापडले आणि त्यांच्यापासून पुढे कोणालाही लागण झाली नाही, कारण येण्यापूर्वीचे विलगीकरण, आल्यानंतरची चाचणी आणि न बदलणारे छोटे गट हे नियम तेथे नेटाने पाळले गेले. म्हणूनच आम्ही कॅम्पच्या संचालकांना पहिला प्रश्न गटांविषयी विचारला.

या बाबतीत कॅम्पने निराश केले नाही. मुलांचे छोटे गट आणि प्रत्येक गटाचे दोन काउन्सेलर (मुलांना सांभाळणारे शिबिरातील कार्यकर्ते) संपूर्ण सत्रभर तेच राहिले. डबा झाडाखाली किंवा चारही बाजूंनी उघड्या मांडवात खाल्ला जाई आणि छताखाली जाताना मास्क सर्वांनाच बंधनकारक होता.

मात्र माझ्या मते या कॅम्पचे खरे श्रेय त्याच्या काउन्सेलरांना आहे. वर्षभर एकटे राहिलेले मूल इतर मुलांत मिसळायला बिचकणार, हे त्यांनी आधीच गृहीत धरले होते. पहिल्या दिवशी आमची मुलगी डब्याचे झाकणही न उघडता गटापासून दूर बसून राहिली, तेव्हा तिच्या काउन्सेलरने तिला ओढून गटात नेले नाही. तिच्यापासून थोड्या अंतरावर बसून ती दोरा विणू लागली आणि काही वेळाने दोऱ्याचे दुसरे टोक तिने मुलीच्या हातात दिले. आठवडा संपेपर्यंत त्या दोऱ्याच्या राख्यांसारख्या पट्ट्या गटातल्या सगळ्या मुलांच्या मनगटांवर होत्या आणि घरी आल्यावर नव्या मैत्रिणींची नावे ऐकून आमचे कान किटत होते, याहून मोठे सुख त्या वर्षी आम्हांला मिळाले नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि बालमानसोपचारतज्ज्ञ यांच्या संघटनांनी मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, तेव्हा मला त्या काउन्सेलर मुलीची आठवण झाली. वयाने जेमतेम कॉलेजातली असावी, पण तिला हे काम कोणीतरी मनापासून शिकवले होते.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. जुलैअखेरीस एका गटात बाधित मूल आढळले आणि तो गट तातडीने घरी पाठवला गेला, हे योग्यच झाले. परंतु बाकीच्या पालकांना त्याची माहिती कॅम्पने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिली, तोवर ती व्हॉट्सअॅपवरून सगळीकडे पसरली होती. आरोग्याची बातमी पालकांना कॅम्पकडूनच आणि त्याच दिवशी कळायला हवी. त्या गटातील मुलांच्या वाया गेलेल्या दिवसांची फीही परत मिळाली नाही, पुढील वर्षासाठी सवलत मात्र देऊ केली गेली.

तरीही अशाच संकटाच्या काळात लहान मुलाला कुठे पाठवावे असे कोणी विचारले, तर मी याच कॅम्पचे नाव सुचवीन. फक्त पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : बाधित मूल आढळल्यास पालकांना किती तासांत कळवणार आणि फी परत मिळण्याचा नियम काय.